तुर्भे गेलं, पहिला अंक संपला

गेल्या महिन्यात गडकरी रंगायतनला नाटक बघून भाची आणि मी परत निघालो. तलावपाळीवर आइस्क्रीम खाताना आमचा एक वाद सुरू झाला, तो ठाणे स्टेशनात गाडीत बसलो तरी संपेना. त्या नादात इंडिकेटर बघायचा राहिला. आम्हाला उतरायचं सानपाड्याला, म्हणजे वाशीची गाडी हवी, आणि आम्ही बसलो पनवेलच्या गाडीत. ठाणे-नवी मुंबईच्या ट्रान्स हार्बर लोकलमार्गावर राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. ठाण्याहून निघालं की दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे इथपर्यंत दोन्ही गाड्या एकाच वाटेने जातात. तुर्भ्यानंतर फाटा फुटतो. वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, पनवेलची जुईनगरकडे. तोवर लक्षात आलं असतं तर तुर्भ्याला उतरून मागची गाडी पकडली असती. आमच्या लक्षात आलं ते तुर्भे सुटल्यावर.

भाची खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मामा, तुर्भे गेलं. आपला पहिला अंक संपला."

वादही त्याचाच चालला होता. ती मास मीडियाला आहे. कॉलेजात त्यांना तीन लोकप्रिय सिनेमे घेऊन त्यांतले तीन अंक कुठे सुरू होतात, कुठे संपतात ते दाखवायला सांगितलंय. तिचा वैताग असा, की "नाटक आत्ता बघितलं त्याला दोन अंक. सिनेमाला इंटरव्हलच्या आधी एक आणि नंतर एक. मग हा तिसरा अंक आणायचा कुठून?" प्रश्न अगदी रास्त आहे. जुईनगरला उतरून रिक्षाने घरी पोचेपर्यंत तिला घाईघाईत जे सांगितलं, तेच इथे जरा सावकाश लिहितो.

गोष्टीत एक माणूस असतो आणि त्याचं रोजचं चाललेलं असतं. पहिल्या अंकात ते रोजचं आयुष्य आपल्याला दाखवतात आणि मग त्यात काहीतरी बिघडवतात. दुसऱ्या अंकात तो माणूस बिघडलेलं दुरुस्त करायला जातो आणि गुंता वाढवून बसतो. तिसऱ्या अंकात काय ते एकदाचं होऊन जातं, गाठ सुटते किंवा तुटते. मांडणी, संघर्ष, उकल. अमेरिकेतले सिड फील्ड यांनी १९७९ साली पटकथालेखनावरच्या पुस्तकात हे असं मांडलं आणि सोबत मापंही दिली. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. १२० पानांची पटकथा धरली तर पहिली ३० पानं मांडणीची, मधली ६० संघर्षाची, शेवटची ३० उकलीची. पाव, अर्धा, पाव. पुस्तक इतकं चाललं की हॉलिवूडमध्ये पटकथा हातात आली की तिसाव्या पानाच्या आसपास काय घडतंय ते आधी बघायची सवय अनेकांना लागली.

फील्ड यांनी हे शून्यातून काढलं नव्हतं. गोष्टीला आरंभ, मध्य आणि शेवट हवा, हे ॲरिस्टॉटल दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सांगून गेला होता. त्याने तीन अंक मात्र कुठेही म्हटलेलं नाही, लोक उगाच त्याच्या नावावर खपवतात. उलट त्याच्याकडे दोनच कामं आहेत, गाठ बांधणं आणि गाठ सोडवणं. आपल्याकडे भरतमुनीच्या नाट्यशास्त्रात पाच संधी, म्हणजे कथेचे पाच टप्पे, आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. मुखात बीज पेरायचं, निर्वहणात सगळे धागे एकत्र आणायचे. यातला विमर्श मला फार आवडतो. फळ हाताशी आलंय असं वाटत असतानाच शाप, राग किंवा मोह आडवा येतो आणि सगळं पुन्हा टांगणीला लागतं. सिनेमा संपायला अर्धा-पाऊण तास असताना हीरोचा मित्र मरतो, हिरॉईन रुसून जाते, ती ही जागा. भरताला पॉपकॉर्न माहीत नसेल, पण प्रेक्षक पक्का माहीत होता.

असो. तर अंक ओळखायचे कसे?

माझी आई हे न शिकता ओळखते. रविवारी दुपारी टीव्हीवर सिनेमा लागला की ती पहिला अर्धा-पाऊण तास जागची हलत नाही. मग एका क्षणी म्हणते, "म्हणजे आता हा तिकडे जाणार तर!" आणि उठून कुकर लावायला जाते, कारण "आता वेळ आहे". मध्ये येऊन-जाऊन बघते. शेवटच्या टप्प्याला मात्र पदराला हात पुसत बरोबर हजर. एकदा मी गंमत म्हणून तिच्या त्या "जाणार तर"च्या वेळा कागदावर टिपल्या. बहुतेक वेळा तिचं वाक्य सिनेमाच्या पहिल्या पावाच्या आसपास पडत होतं.

ती नेमकं काय ओळखते? तर सिनेमा आपल्याला एक प्रश्न देतो, तो क्षण. होणार की नाही, असं ज्याचं उत्तर देता येईल असा एकच प्रश्न. तो मिळाला की पहिला अंक संपला. त्याचं उत्तर देण्याची शेवटची धडपड सुरू झाली की तिसरा लागला. मधलं सगळं दुसऱ्यात.

इथे मुलं एक गफलत करतात, भाचीनेही केली. संकट येतं तो क्षण आणि अंक संपतो तो क्षण, हे दोन वेगळे. चुकीच्या गाडीत बसलो हे संकट. तुर्भे सुटलं हा अंकाचा शेवट, कारण तोवर परत फिरता येत होतं. 'लगान'मध्ये (२००१) पाऊस नाही आणि वर दुप्पट लगान मागितला जातो, हे संकट. इंग्रज कॅप्टन रसेल क्रिकेटच्या मॅचची पैज लावतो, जिंकलात तर लगान माफ आणि हरलात तर तिप्पट, तेव्हाही पहिला अंक संपलेला नाही. गावातला भुवन हो म्हणतो तेव्हा संपतो. संकट माणसावर येऊन कोसळतं, पण दारातून आत पाऊल तो स्वतः टाकतो. म्हणून आपण त्याच्या मागे अडीच-तीन तास जातो. नुसतं ज्याच्यावर काहीतरी कोसळलंय अशा माणसाची कणव येते, पण खुर्चीच्या टोकावर बसून त्याला बघत राहावंसं वाटतंच असं नाही.

मराठीतलं सगळ्यांना पाठ असलेलं उदाहरण घ्या, 'अशी ही बनवाबनवी' (१९८८). चौघांना पुण्यात राहायला जागा नाही, हे संकट. लीलाबाई काळभोर जागा देतील, पण जोडप्यांनाच. मग दोघांनी साड्या नेसायच्या ठरतात, आणि पार्वती व सुधा उंबऱ्याच्या आत आल्या की प्रश्न हातात आला: पकडले जाणार का? पुढचा सगळा धुमाकूळ याच एका खुंटीला टांगलाय. चौघांच्या चार प्रेमकहाण्या, बाईंचा जीव लागणं, सगळं. गंमत अशी की बघणाऱ्याला दोन्ही हवं असतं. हे पकडले जावेत आणि जाऊही नयेत. हा सिनेमा केबलवर पन्नासदा बघूनही माणूस चॅनल बदलत नाही, त्याचं एक कारण मला तरी हेच वाटतं.

आता इंटरव्हल. भाचीचा सगळा घोळ इथे आहे. आपल्याकडे मध्यंतर होतं, दिवे लागतात, माणसं समोशाच्या रांगेत उभी राहतात, म्हणून वाटतं की इथे एक अंक संपला. नाटकात तसं असतंच. जुनी मराठी नाटकं पाच अंकी, तीन अंकी असत, आता बहुतेक दोन अंकी, आणि पडदा पडला की अंक संपला. सिनेमात मात्र मध्यंतर दुसऱ्या अंकाच्या ऐन पोटात येतं. अंकाची दारं त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक.

मी भाचीला रिक्षातच तिकिटाच्या कागदाची घडी घालून दाखवली. कागद मधोमध दुमडा, ही घडी म्हणजे इंटरव्हल. आणखी एकदा दुमडा आणि उलगडा. आता तीन रेघा दिसतात. मधली मध्यंतराची, आणि दोन्ही बाजूंच्या दोन, त्या अंकांच्या. चार भाग झाले, त्यातले मधले दोन मिळून दुसरा अंक. क्रिस्टिन थॉम्पसन या अमेरिकन अभ्यासिकेने १९९९ च्या पुस्तकात हॉलिवूडचे सिनेमे तपासून नेमकं हेच म्हटलंय, की तीन कसले, बहुतेक सिनेमे चार जवळपास सारख्या भागांत विभागता येतात आणि मधोमध एक मोठं वळण असतं. तिकडे हे सांगायला पुस्तक लिहावं लागलं. आपल्याकडे त्या वळणावर पाटी लावून समोसे विकतात.

मध्यावर काय घडावं? गोष्ट पुढे जातेच, पण चांगल्या सिनेमात प्रश्नाचा अर्थ बदलतो. 'शोले'मध्ये (१९७५) साधारण मध्यावर कळतं की ठाकूरला हातच नाहीत. त्याआधी बंदूक पायाशी पडलेली असून त्याने ती उचलून दिली नाही म्हणून जय-वीरू चिडलेले असतात. शाल बाजूला होते आणि मागचे सगळे प्रसंग डोक्यात फिरून पुन्हा बघावे लागतात. प्रश्न तोच, गब्बर पकडला जाणार का. पण पैशासाठी आलेले दोघं आता पैशासाठी थांबलेले नसतात.

परदेशी सिनेमे इंटरव्हलसाठी बांधलेले नसतात, तरी आपल्याकडे थिएटरवाले ते मध्येच कापतात. वाशीच्या मॉलमध्ये एक थरारपट बघत होतो, बाई दाराच्या कडीला हात घालतेय आणि फटकन दिवे लागले, वर जाहिरात सुरू. पंधरा मिनिटांनी ती बाई दार उघडते तेव्हा भीती कधीच विरघळलेली होती.

"फर्स्ट हाफ मस्त होता, सेकंड हाफ पडला." हे वाक्य कुठल्याही थिएटरच्या जिन्यावर ऐकू येतं. पडतो तो बहुतेक वेळा तिसरा पाव, इंटरव्हलनंतरचा. पहिला पाव नवलाईवर निघतो, दुसऱ्यात प्रेम-गाणी-मारामारी असते, शेवटच्यात निकाल. तिसऱ्या पावात लेखकाला प्रश्न जड करत न्यावा लागतो, आणि तिथे सुचत नाही म्हणून परदेशात एक गाणं घालतात. माझ्या मते पटकथा येते की नाही, ते या चाळीस मिनिटांत कळतं.

आता 'सैराट' (२०१६). ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडावा. लांबी १७४ मिनिटं, म्हणजे आमच्या घडीच्या हिशेबाने पाव भाग साडेत्रेचाळीस मिनिटांचा. पहिल्या भागात विहीर, क्रिकेट, कॉलेज, आणि परश्या-आर्चीचं जुळणं. मग आर्चीचा भाऊ प्रिन्स, त्याच्या वाढदिवसाला दोघं पकडली जातात. मारहाण, पोलीस, खोटी केस, आणि शेवटी आर्ची बंदूक चालवते आणि दोघं धावत्या रेल्वेत चढतात. इथे सिनेमाचा रंगच बदलतो. हैदराबादमध्ये संगीत जवळजवळ बंद. झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, बाटल्यांचा कारखाना, संशय, भांडण, ती निघून जाते आणि परत येते. हिंदी सिनेमा पळून जाण्यावर संपतो, हा तिथून सुरू होतो, असं तेव्हा सगळे म्हणत होते आणि ते खरंच आहे.

पण तिसरा अंक कुठे? भाचीच्या वर्गातल्या बहुतेकांनी लिहिलं, शेवटची दहा मिनिटं. मला ते पटत नाही. परश्या-आर्चीचं लग्न होतं, मूल होतं, जरा बरं घर होतं. आपल्या अंगातलं घड्याळ सांगतं की उकल झाली, गाठ सुटली, आता चपला शोधा. दिग्दर्शकाने आपल्याला त्या घड्याळासकट फसवलंय. आर्ची आईला फोन करते, ते माझ्या मते तिसऱ्या अंकाचं दार आहे. पुन्हा बघा, तिथेही निर्णय तिचाच आहे. कुणी तिला शोधून काढत नाही, ती स्वतः नंबर फिरवते. मग प्रिन्स भेटवस्तू घेऊन येतो. आपण पहिल्या अंकात 'ही दोघं एकत्र येणार का' असा प्रश्न धरून बसलो होतो, त्याचं उत्तर हो असं मिळूनही गेलं होतं. सिनेमाचा प्रश्न दुसराच होता, हे त्या बाळाची लाल पावलं जमिनीवर उमटताना कळतं. माझ्या शेजारी बसलेले एक काका दिवे लागल्यावरही उठले नव्हते.

सगळ्याच सिनेमांत खलनायक लागतो असं नाही. 'श्वास'मध्ये (२००४) कोकणातले आजोबा नातवाला शहरात डॉक्टरकडे आणतात. डोळ्याचा कर्करोग, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. इथे मुलगा वाचणार का, हा प्रश्न नव्हे. त्या पोराला हे सांगायचं कसं, हा प्रश्न. दुसरा अंक त्याभोवती फिरतो, हॉस्पिटलच्या पायऱ्या, कागद, थांबणं. आणि तिसऱ्याचं दार? आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलमधून गायब होतात. डॉक्टर चिडतात, शोधाशोध होते, आणि म्हातारा पोराला जग दाखवत हिंडत असतो, बघता येतंय तोवर. गोळी सुटत नाही, कुणी कुणाला मारत नाही, पण 'लगान'मध्ये भुवन पैजेला हो म्हणतो तितकंच हे ठाम पाऊल आहे.

'लगान'ची मॅच हीसुद्धा भाचीला छळत होती. तासाभराहून जास्त चालते, मग पाव-अर्धा-पाव कुठे गेलं? मी म्हटलं, मिनिटांना फार धरून बसू नकोस, ती नुसती खूण आहे, प्रसंग शोधायला मदत म्हणून. शिवाय मॅच तीन दिवसांची आहे, ते तीन दिवस म्हणजे आतला आणखी एक छोटा सिनेमा. पहिल्या दिवशी भुवनच्याच संघातल्या लाखा नावाच्या गड्याची फितुरी, मग बॅटिंग कोसळत जाणं, आणि शेवटच्या चेंडूला कचरा नावाचा गडी स्ट्राइकवर. नो बॉल पडतो, स्ट्राइक बदलतो, भुवन टोला मारतो, रसेल झेल घेतो आणि पायाखाली बघतो तर सीमारेषेच्या बाहेर. अंकात अंक असतात. अंकातल्या एखाद्या प्रसंगातही बारीक आरंभ-मध्य-शेवट असतो. तिने ते वहीत लिहून घेतलं आणि दोन मिनिटांनी विचारलं, "म्हणजे कुठेही रेघ मारली तरी चालेल?" नाही, तसं नाही. रेघ मारलीस तर तिथे कुणी काय ठरवलं आणि त्याने परतीचं दार कसं बंद झालं, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर रेघ पुसायची.

आणि काही सिनेमे मुद्दाम हे सगळं नाकारतात. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा प्रोजेक्टर लावून सिनेमा दाखवतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) लावला त्या दिवशीची गोष्ट. एका लोकशाहिरावरचा खटला तारखेवर तारीख असा पुढे सरकतो, आणि सिनेमा वकिलांच्या, न्यायाधीशांच्या घरी-दारी डोकावत राहतो. मग उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कोर्ट बंद होतं. एकेक दिवा विझतो, पडदा काळा होतो, आणि बराच वेळ काळाच राहतो. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. लोक उठले, चपला घालायला लागले, आई डबा घेऊन दाराशी गेली. तेवढ्यात पडदा उजळला आणि न्यायाधीश कुटुंबकबिल्यासह सहलीला निघालेले दिसले.

"अहो, संपला ना?" तळमजल्यावरचे काका म्हणाले.

दारापाशी घोळका तसाच उभा राहून बघत होता. न्यायाधीश बाकावर डुलक्या घेताहेत, पोरं ओरडून त्यांना दचकवतात, ते एकाच्या कानाखाली वाजवतात आणि पुन्हा डोळे मिटतात. मग खरोखर संपला. एक पायात चप्पल आणि एक हातात अशा अवस्थेत काकांनी भाचीला विचारलं, "बाळ, हा कितवा अंक म्हणायचा?"

भाचीने माझ्याकडे बघितलं. आई म्हणाली, "वर चला, कुकर लावायचाय."